पाण्याच्या नळीतलं माणूस

तो चुकीच्या दारावर टकटक करत होता.

आत लॅबमध्ये ती एका हातात पिपेट आणि दुसऱ्या हातात करंगळीएवढी नळी धरून बसली होती. मान वळवायचीही सोय नव्हती. काचेतून तिनं भुवयांनीच सांगितलं, इथून नाही. त्यानं डोळ्यांनी विचारलं, मग कुठून? तिनं हनुवटीनं भिंतीतली सरकती खिडकी दाखवली. रक्ताच्या नळ्यांचा बर्फाचा डबा आत सरकवत तो म्हणाला,

"माफ करा, नवीन आहे. खालच्या मजल्यावरच्या वजनाच्या क्लिनिकमधून आलो. आमच्याकडे कुणालाही आत घेतात. इथं कुणालाच घेत नाहीत वाटतं?"

"इथं माणसं नळीतूनच येतात."

"आणि तुम्ही?"

"मी... नोकरीला आहे," ती म्हणाली, आणि आपण किती मख्ख उत्तर दिलं ते तिला खिडकी लावल्यावर कळलं.

ती लॅब सामायिक होती. लठ्ठपणावर संशोधन करणारे सगळे गट आपापली रक्ताची सॅम्पलं तिथं पाठवायचे. त्यातला डीएनए वेगळा काढून वाचून द्यायचं काम तिचं. आई तिच्या लॅबला गिरणी म्हणायची. "प्रत्येकाचं दळण वेगळं, आणि एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात गेलं की तुझी मान धरणार. आणखी काय!" आईचं खरंच होतं. म्हणून तर दर खेपेला एका नळीत रक्ताऐवजी नुसतं शुद्ध पाणी घालायचं. शेवटी त्या नळीत काहीच दिसायला नको. दिसलं, की सगळी खेप बाद.

बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा अंगानं दांडगे. हसायला लागले की खुर्चीसुद्धा हसायची. भेटायला आलेली माणसं हळूच म्हणायची, "वजन होतंच ना..." जणू तेवढ्यानं सगळं समजलं, आता चहा घ्यायला हरकत नाही. तेव्हापासून ती फार बोलत नसे. हसणं तर राहिलंच.

वजनमास्तर मात्र बोलायचा. हे नाव त्याला क्लिनिकमधल्या लोकांनीच ठेवलं होतं. डबा द्यायला एक क्षण पुरायचा, पण त्याचा पाय निघत नसे.

"आज एका आजींनी काट्यावर चढायच्या आधी कानातलेही काढून ठेवले. म्हणाल्या, तेवढाच आधार."

"उतरलं का वजन?"

"वजन नाही. कानातले विसरून गेल्या, ते द्यायला मी जिने उतरलो. उतरलो तो मीच."

ती मास्कच्या आत ओठ दाबून धरायची. तो कुणाची टर उडवत नव्हता. त्या माणसांविषयी तो असा बोलायचा, जशी ती त्याच्या घरातलीच. तेच तिला गोंधळात पाडायचं. त्याच्या येण्याच्या दिवशी तिची नजर सारखी खिडकीकडे का जाते? हा आवडतोय... की याच्या बोलण्यातून बाबा डोकावतात ते आवडतंय? रात्री आईनं विचारलं, "काय गं, आमटीत काय शोधतेस?" तेव्हा तिला सांगता येईना.

मग एकदा तो खिडकीशी वाकून म्हणाला, "आज एक काका काट्यावर एका पायावर उभे राहिले. मी म्हटलं, हे काय? तर म्हणतात, निम्मं लिहा ना!"

बाबा. घरातल्या काट्यावर, बनियनवर, एक पाय वर धरून अगदी हेच म्हणणारे बाबा! ती हसली. मास्क ओढून खाली घेतला, उघड्या नळ्या मांडलेल्या टेबलाला धरलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तो बघतच राहिला.

"तुम्हाला... एवढं हसता येतं?"

"जा तुम्ही," ती कशीबशी म्हणाली.

त्या खेपेच्या पाण्याच्या नळीत माणूस निघालं.

लॅबच्या मॅडमनी कपाळाला हात लावला. "खिडकीशी उभा राहून तो वजनमास्तर बोलतो ना? बोलताना उडालेल्या थुंकीतून त्याचाच डीएनए गेला असणार. त्याचा निघाला तर खिडकी बंद. त्यांनी दुसरं कुणीतरी पाठवावं, आणि डबा लॉबीत ठेवून परत जावं." लॅबमधल्या सगळ्यांच्या डीएनएच्या खुणा तुलनेसाठी आधीच ठेवलेल्या होत्या. राहिला होता फक्त वजनमास्तर.

त्यानं गालाच्या आतून कापूस फिरवून दिला. "यात सगळं कळतं?"

"तुम्ही कोण, एवढंच."

"मनात काय आहे ते?"

"ते कापसाला लागत नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच लगेच निघून गेला.

ती तुलना करायला बसली. त्याचा निघाला तर तो जाणार. आणि जाऊ नये असं आपल्याला का वाटावं? पहिल्याच ओळीत स्पष्ट झालं, नळीतली खूण बाईची होती. तिनं सुटकेचा श्वास सोडला... आणि तो अर्ध्यातच अडकला. एकेक खूण तिनं स्वतःच्या खुणांशी लावून पाहिली. सगळ्या जुळल्या.

ती पडद्याकडे बघत राहिली. प्रत्येक खुणेत दोन आकडे. एक आईकडून आलेला, एक बाबांकडून. जिथं नुसतं पाणी असायला हवं होतं त्या नळीत तिचं हसू उडालं होतं, आणि त्या हसण्यात निम्मे बाबा होते. काट्यावर मागायचे तसे. निम्मे.

ती उठली आणि मॅडमच्या खोलीत जाऊन म्हणाली, "तो नव्हता. मी होते. मास्क मीच काढला."

बोलणी खावी लागली. सगळी खेप पुन्हा करायची, आणि काही लोकांना रक्त द्यायला परत बोलवायचं. ते बोलावणं त्याच्याकडे आलं, तेव्हा तो खिडकीशी आला. तोंडावर मास्क, अंतर राखून.

"नळीत मी होते," ती म्हणाली. "त्या दिवशी हसले ना... त्यामुळे."

"म्हणजे शेवटी माझ्यामुळेच."

"तुमच्यामुळेच. वर्षभरात पहिल्यांदा." मग तिनं बाबांचा एक पाय सांगितला, खुर्ची सांगितली, ते 'वजन होतंच ना' सांगितलं. आणि काचेकडे बघत म्हणाली, "मला कळत नाहीये... तुम्ही आवडता, की तुमच्या बोलण्यात ते भेटतात म्हणून..."

"'तुम्ही आवडता' हा पहिला भाग मी ऐकून ठेवलाय," तो हळूच म्हणाला. "उरलेल्याची घाई नाही. काट्यावर माणूस चढला की आकडा नाचतो. तो पहिला आकडा आम्ही कधी धरत नाही. थांबतो."

"कुठवर?"

"माणूस स्थिर होईपर्यंत. मी चांगला थांबतो, विचारा कुणालाही. फक्त... एका पायावर नाही."

हसू आलं. या वेळी तिनं मास्कला हात लावला नाही. तिनं ग्लोव्हज काढले, कोट खुंटीला लावला, आणि तो पहिल्या दिवशी ज्या दारावर टकटक करत होता, तेच दार उघडून बाहेर आली.

तो गडबडला. "हे दार चुकीचं आहे ना?"

"आत यायला चुकीचं," ती म्हणाली, मास्क काढत. "बाहेर यायला हेच."

आणि ती हसली. बाबांसारखी, आवाज करून.