दोनदा सांगितलेली यादी

यादी करायची होती, बाकी काही नाही. दुपारचे तीन वाजले होते, भुताखेतांची वेळही नव्हती.

वडील शिंपी. जाताना मृत्युपत्रात आमच्या काकांना एक्झिक्युटर नेमून गेले. घर, दुकान त्यांनी आम्हा दोघांत वाटून द्यायचं, थोरला मी आणि धाकटी बहीण. काका तीन वर्षं किल्ल्या दाबून बसले. बहीण लोकांच्या मशीनवर शिवत राहिली आणि वडिलांचं मशीन कुठे गेलं ते कोणी सांगेना.

वकीलबाई म्हणाल्या, "आधी वस्तूंची यादी मागा. देत नसतील तर कोर्टाच्या हुकमाने घर उघडून घेऊ. घोटाळा निघाला की काकांना हटवायचा अर्ज."

हुकूम मिळाला. बाईंचा कारकून बाहेरच्या खोलीत कागद घेऊन बसला. मी आतून एकेक वस्तू सांगायची, त्याने लिहायची.

आत काहीच नव्हतं. काकांनी घर धुऊन नेलं होतं. कपाटाच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन, आणि वास... गरम इस्त्रीचा, ओल्या कापडाचा. तीन वर्षं बंद असलेल्या घरात. माझ्या तोंडून शब्द फुटेना. कितीतरी वेळ मी नुसता उभा होतो.

बाहेर आलो तर कारकुनाने चार पानं भरली होती.

"बरं झालं, प्रत्येक वस्तू दोनदा सांगितलीत," तो म्हणाला. "चूक राहिली नाही. फक्त आवाज... बसलाय का तुमचा?"

माप घेताना वडील प्रत्येक आकडा दोनदा सांगायचे.

मी पानं घेतली. मशीन काकांनी कोणाला विकलं, कपाट कोणत्या जावयाकडे गेलं, सगळं होतं. काकांची आता धडगत नव्हती. मग शेवटची ओळ वाचली.

'अंगठी एक. थोरल्याने काढली, बोटाला साबण लावून. श्वास चालू होता.'

"ही ओळ... ठेवायची ना?" कारकुनाने हळूच विचारलं. माझ्याकडे न बघता.

यादी मी जाळली. वकीलबाईंना सांगितलं, घरातलं घरात मिटवतो. काका म्हणाले, "शहाणा झालास." बहीण अजून लोकांच्याच मशीनवर शिवते, आणि मला स्वतःची किळस येते.

परवा ती स्वयंपाकघरात वाण्याची यादी लिहीत होती. मी पलीकडच्या खोलीत तोंड मिटून बसलो होतो.

"ऐकलं रे दादा," ती म्हणाली. "दोनदा कशाला सांगतोस?"

मग तिचं पेन थांबलं.

"आणि ही अंगठी... कुठली?"