फलकावरची चारची बोट

लिफ्टमध्ये एकच माणूस होता, आणि बोटींच्या वेळांचा फलक सांभाळणाऱ्या पेइ-जुनला त्या क्षणी कुणावर तरी ओरडायचंच होतं.

"तिसऱ्या मजल्यावरचा तो को यान-चेंग! वाऱ्यामुळे बोटी रद्द झाल्या, त्याच्या प्रणालीत तशी नोंद आहे, आणि माझ्या फलकावर चारची बोट — वेळेवर! काओश्युंगच्या धक्क्यावर साठ माणसं भिजत उभी आहेत. चारपर्यंत हे दुरुस्त झालं नाही, तर माफीनाम्याखाली माझं एकटीचं नाव जाणार!"

दार उघडलं. "या," तो अदबीनं म्हणाला. "मीच को यान-चेंग."

ती तरातरा लिफ्टबाहेर पडली. "मग बघता काय? चला!"

त्याच्या खोलीतल्या सर्व्हरनं शहाण्यासारखं वागावं म्हणून, तिथल्या रिवाजाप्रमाणे, त्यावर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं असे. आज ते फोडलेलं, रिकामं. तिचा पारा आणखी चढला.

"सर्व्हरचा खाऊ कुणी खाल्ला?"

"मी. जेवलो नव्हतो..."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. पण चूक तिथं नाही." त्यानं तिनं लिहिलेली स्टाइलशीट उघडली. फलकाचं पान तिच्यातून तयार व्हायचं, आणि बोटीची स्थिती विचारायला पेइ-जुननं तिला एक फंक्शन जोडलं होतं. "हे फंक्शन दर वेळी स्वतःची नवी नोंदवही काढतं. कोऱ्या वहीत रद्द बोट कशी सापडेल? प्रणाली एक भरलेली वही सांभाळते आहे. तीच याच्या हातात द्यायला हवी."

म्हणजे चूक तिची होती! तिचे कान तापले. "कधी कळलं तुम्हाला?"

"गेल्या महिन्यात."

"महिनाभर तोंडाला कुलूप?"

"तीनदा वर आलो सांगायला. तुम्ही दिसलात की... वाक्यच विसरायचो."

"माणसं भिजतायत, आणि तू लाजत होतास? सरक!"

तिनं नवी वही काढणारी ओळ खोडली. त्यानं प्रणालीतली वही फंक्शनला जोडून दिली. दोघांचे खांदे टेकले होते. कुणीच सरकलं नाही. चारला सात मिनिटं असताना फलक लाल झाला — रद्द.

"माणसं भिजलीच, म्हणजे माफीनामा निघणारच," ती फणकारली. "आणि त्यात तुझंही नाव घालणार मी."

"घाल. तुझ्या नावाशेजारी असेल तर..."

"हसू नकोस! अजून रागावलेय मी."

"किती वेळ?"

"रेनकोट घाल आधी. धक्क्यावर जाऊन त्या माणसांची माफी मागायचीय." ती दाराशी थांबली. "दोघांनी. वाटेत ठरवू, किती वेळ ते."