टोपल्याखालचं पीठ

गिरणीतून तांदळाचं पीठ आणायचं, एवढंच काम होतं. नीलमनं डबा उचलला तेव्हा ऊन अजून उसाच्या तुऱ्यांवर होतं, आणि न्हावऱ्याच्या रस्त्यानं दुधाच्या गाड्या रोजच्यासारख्या चालल्या होत्या. पूनम गेल्याचं त्यांना काहीच नव्हतं.

पूनम अकरावीत, तापानं गेली. लोक तिला नीलमची मैत्रीण म्हणत. दुसरा शब्द त्या दोघींनीही कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता. नीलमची करंगळी कबड्डीत मोडून वाकडी बसलेली. कॉलेजला जाताना एसटीत, मांडीवरच्या दप्तराखाली, पूनम ती करंगळी मुठीत धरायची आणि शिरूर येईपर्यंत सोडायची नाही.

"दौंडला रेल्वेत लागते बघ," पूनम म्हणायची. "क्वार्टर मिळंल. दारावर दोघींची नावं."

"आन् लोकं आली तर?"

"बेल वाजवतील. आपण उघडायचंच न्हाई!"

त्याच पूनमला कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून तिरडीवर नेलं होतं. जन्मभर बापाचं घड्याळ मनगटाला बांधून फिरलेली पोरगी! नीलम तेव्हा ओरडणारच होती. तेवढ्यात कोणीतरी तिच्या हातात चहाचा ट्रे दिला.

"पोरीची हळद राहिली," पूनमच्या घरी तिची आत्या, सोजराबाई, नीलमनं आणलेलं पीठ चाळत म्हणाली. "वरवंडचं स्थळ ठरत आलं व्हतं. त्यातच जीव अडकला आसंल."

"तिला नकोच होतं ते स्थळ."

"तुला गं काय ठावं? मैत्रिणी चार दिस रडत्यात. उद्या तू बी लगीन करून जाशील."

चाळणीतून पीठ पडत राहिलं.

जिथं पूनमला शेवटचं ठेवलं होतं, तिथं आत्यानं पीठ पसरून हातानं सपाट केलं. मधोमध दिवा ठेवला आणि वर टोपलं पालथं घातलं. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं, त्याचं पाऊल सकाळी पिठात दिसतं म्हणतात. मांजर शिरू नये म्हणून आत्यानं खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली.

नीलम घरी येऊन आईशेजारी निजली. वारा नव्हता, तरी मागच्या उसाची पानं सळसळत होती. करपलेल्या वातीचा वास उशीपाशी येत होता, आणि करंगळी दुखत होती... कोणीतरी घट्ट धरल्यासारखी.

उजाडताच ती पूनमच्या घरी गेली. आत्यानं कुलूप काढलं. "बायकांना बोलावून आणते. तवर हात लावू नगा."

पण पूनमच्या आईला, ललिताकाकूला, धीर निघेना. तिनं टोपलं उचललं.

दिवा विझलेला. पाऊल नव्हतं. पिठात एक हात उमटला होता, रेघांसकट. करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी.

"रात्री आत... आली व्हतीस?"

"न्हाई काकू... कुलूप होतं ना."

काकूनं तिचा हात ओढून करंगळी निरखली.

"माझ्यासाठी काहीच ठेवलं न्हाई तिनं. वाढवली मी... आन् आली तुझ्यासाठी." मग तिनं नीलमचा हात सोडला. "कोण व्हतीस गं तू तिची?"

इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. ती खाली बसली आणि उमटलेल्या हातावर तिनं आपला हात ठेवला. बोटाला बोट बसलं.

करंगळीशेजारचं पीठ खचलं. हळूच. मग त्याच्या बाजूचं. मग त्याच्याही... वर काहीच नव्हतं, पिठात फक्त खळगे पडत होते, मूठ मिटावी तसे.

"काकू... धरलंय तिनं."

अंगणात आत्याची आणि बायकांची पावलं वाजली. "उघडलं का गं? काय उमटलंय?"

ललिताकाकूनं पिठाकडं पाहिलं, नीलमकडं पाहिलं. पुढं सरकून तिनं नीलमच्या हातावर आपला पदर टाकला.

"पाखराचं पाऊल हाय, वन्सं," ती म्हणाली. "उडून गेली पोर."

पदराखाली नीलम करंगळी सोडवू पाहत होती. थंड मूठ आवळतच होती. शिरूर अजून आलं नव्हतं.