कमलमावशीचं ‘येते हं’

“आत एकसष्ट, बाहेर शून्य. दार बंद,” कालच बसवलेलं नवं दार म्हणालं, आणि शाल्मलीनं सगळीकडे नजर फिरवली. कमलमावशी कुठंच दिसत नव्हती. चंद्रावरच्या त्या वसाहतीचा भाजीमळा सांभाळणारी मावशी सकाळी काचघराच्या काचा पुसायला बाहेर गेली होती. सौरवादळ (सूर्याकडून येणाऱ्या घातक कणांचा मारा) वीस मिनिटांवर आलं होतं. ते सरेपर्यंत दार आता आपणहून उघडणार नव्हतं.

“आजोबा, मावशी बाहेर आहे.”

दार घडवणारे आजोबा हसले. “माणसं जाता-येता काय बोलतात ते ऐकून दार मोजतं, बेटा. साठ जणांच्या उत्तरांवरून शिकवलंय त्याला. तूच तर विचारलंस सगळ्यांना.”

इथंच तर घोडं पेंड खात होतं. आजोबांनी तिला युजर रिसर्चचं (वस्तू वापरणाऱ्यांना भेटून त्यांची रीत समजून घेण्याचं) काम दिलं होतं. प्रत्येकाला विचारायचं, बाहेर निघताना काय म्हणता? पण बाईसाहेबांना आला कंटाळा. तिनं जनरेटिव्ह एआयकडून (वाचलेल्या मजकुरावरून नवा मजकूर रचणाऱ्या यंत्रणेकडून) साठ उत्तरं रचून घेतली आणि खाली खरी नावं घातली. ‘मी बाहेर जाते.’ ‘मी बाहेर जातो.’ सगळी कशी गुळगुळीत.

आता खरं सांगावं तर आजोबांचा विश्वास जाणार. न सांगावं तर मावशी.

“मी कुणालाच विचारलं नाही, आजोबा. उत्तरं एआयची आहेत. मावशी निघताना ‘येते हं’ म्हणते. दाराला वाटलं, ती आत आली.”

आजोबांचा चेहरा उतरला. ते दार हातानं उघडायच्या दांड्याकडे धावले. दोघांनी मिळून तो ओढला. सात मिनिटं उरली असताना मावशी धापा टाकत आत आली.

“बटण दाबून बोट दुखलं,” ती म्हणाली. “दार म्हणतं, तुम्ही आतच आहात.”

आजोबा खाली बसले. “एआयची मदत घे, शाल्मली. प्रश्न सुचवायला घे, मिळालेली उत्तरं नीट लावायला घे. पण माणूस जे बोललाच नाही, ते त्याच्या नावावर घालायचं नाही. एआयनं लाखो पानं वाचलीत, आपली कमल नाही वाचली.”

शाल्मलीनं डोळे पुसले आणि वही काढली. “मावशी, तू ‘जाते’ का नाही म्हणत?”

“म्हणू नये गं. परत यायचं असतं ना.”

साठ जणांना भेटायला तिला नऊ दिवस लागले. त्या उत्तरांवरून आजोबांनी दाराला पुन्हा शिकवलं. दहाव्या दिवशी मावशी दाराशी जाऊन म्हणाली, “येते हं.”

“बरं, कधी येणार?” दारानं विचारलं.

“जेवायला.”

पडद्यावर उमटलं: बाहेर एक.