माझ्या वाटची झोप

धनेंद्रची झोप आमगावच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. डोकं टेकलं की घोरणं सुरू. त्याच्या धाकट्या भावाचा, पुरनलालचा मात्र कार्तिकापासून डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता चैत्र संपत आला होता, आणि भिंतीपलीकडचं घोरणं ऐकून त्याचा नुसता जळफळाट होई. वाटणीत नहराकाठची धानाची बांधी दादाला, आई दादाकडे, आणि आता झोपही दादालाच!

कार्तिकात दोघं मिळून धानाच्या जागलीला जात. मचाणावर एकानं जागायचं, दुसऱ्यानं झोपायचं. जागणारा म्हणे, "माह्या वाटची झोप तू घे." पहाटे उठणारा म्हणे, "घे बापा, तुही तुले." तुझी तुला, म्हणजे झोप परत. बापजाद्यांपासूनची रीत, जरा गमतीचीच. पण शेवटच्या रात्री बांधीवरून दोघांचं वाजलं. पुरनलालनं रागारागात का होईना, आपलं वाक्य म्हटलं. पहाटे धनेंद्र मात्र तोंड न उघडता घरी निघून गेला.

शेवटी गोंदियाच्या एका दवाखान्यात झोपेची तपासणी ठरली. डोक्याला, छातीला वायरी, बोटाला चिमटा. सोबतीला धनेंद्रच आला. बाजूच्या बाकावर आडवा झाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. पुरनलाल छताकडे बघत पडून राहिला. अधूनमधून तो श्वास रोखून कान देई. नेमकं तेव्हाच घोरणं थांबे, आणि तो आणखी चिडे.

दोन दिवसांनी रिपोर्ट घ्यायला तो एकटाच गेला.

"सात तास चाळीस मिनिटं झोपले तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "एकदम गाढ."

"एक मिनिट नाही झोपलो जी."

"पुष्कळांना तसं वाटतं. पण घोरणं भरपूर आहे. अकरा वेळा श्वास थांबला. आणि रात्रभर डाव्या कुशीवर होते."

पुरनलाल रात्रभर उताणा होता. वायरी निघतील म्हणून हललाही नव्हता. डाव्या कुशीवर कोण झोपलं होतं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. आपण श्वास किती वेळा रोखला ते त्यानं मोजलं नव्हतं. दहा-बारा वेळा असेल.

तो घरी आला तेव्हा धनेंद्र जेवून छपरीतल्या खाटेवर पडत होता.

"दादा, माही झोप वापस दे."

"येडा झाला का बे? झोप का धानाचं पोतं आहे, उचलून द्याले?"

"त्या रातची रीत बाकी आहे. एक डाव म्हण ना. तुही तुले, म्हण."

"पहिले बांधीसाठी रुसला, आता झोपीसाठी रुसून राहिला!" धनेंद्र हसला, कुशीवर वळला आणि घोरू लागला.

पुरनलाल उशाशी बसला. त्यानं श्वास रोखला.

घोरणं थांबलं.

सोडला. घोरणं सुरू झालं.

त्यानं पुन्हा रोखला. दहा. वीस. दादाची छाती हलेना. तिसाच्या पुढे पुरनलालचे डोळे जड व्हायला लागले.

पाच महिन्यांत पहिल्यांदा.

आता सोडावा, असं त्याला वाटलं. पण पापण्यांवर उतरणारी ती गुंगी त्याची होती. त्याच्या वाटची.

त्यानं स्वतःचं नाक चिमटीत धरलं.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. अंग हलकं झालं होतं. धनेंद्रची बायको रविता चहाचे दोन कप घेऊन उभी होती.

"कसे गाढ झोपले जी भाऊजी आज! आन् ह्यायचं घोरनं काऊन आयकू येत नाही?"

"झोपू द्या त्याले," पुरनलाल म्हणाला आणि त्यानं आपला कप उचलला.