लेकरांचं ताट

सिंदी रेल्वेच्या बाजारात प्रभाकररावांचं किराण्याचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या त्या मधल्या खोलीत. खोलीला एक दार, एक खिडकी. दोन हजार सालच्या भादव्यात त्यांच्या सुनेनं, सपनानं, त्या खिडकीची बारीक जाळी बोटांनी नीट चाचपून पाहिली. कुठेही फाटलेली नव्हती.

सपना वर्ध्याच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिथून तिनं आयोडीनची छोटी बाटली आणली होती. भातावर थेंब टाकला की तो निळाकाळा होतो. पण त्याच भाताला लाळ लागून थोडा वेळ गेला, तर त्यातल्या पिठाची साखर होते आणि थेंब पिवळट तपकिरीच राहतो. अकरावीची मुलंही हा प्रयोग करतात.

"सूनबाई देवीचा पेपर तपासून राह्यली," प्रभाकरराव दुकानात जाता जाता म्हणाले. "पास कर बाई. दिवाळीचा माल भरायचा हाय."

त्यांना खरं कारण ठाऊक नव्हतं. ते फक्त सपनाला आणि तिच्या सासूला, सुमित्राबाईंना, ठाऊक होतं. श्रावणात त्यांच्या छातीत गाठ लागली होती. सपना रोज सावंगीच्या दवाखान्यात चला म्हणायची आणि त्या रोज एकच उत्तर द्यायच्या, "महालक्ष्म्या माह्या घरी जेवून जातात. त्या पाह्यतीन."

"जेवतात हे तुम्ही कधी पाहिलं, आई?"

"पाहुणा जेवत असला तं त्याचे घास मोजतो का आपण?"

"आणि कोणीच जेवत नाही असं मी दाखवलं तर? याल दवाखान्यात?"

सुमित्राबाई रागावल्या नाहीत. त्या पुरण वाटत होत्या, तो हात क्षणभर थांबला. "दाखव," त्या म्हणाल्या. "येईन मी. पण जेवल्या असं निंगालं, तं मले पुन्हा दवाखान्याचं नाव नाई काढायचं."

सपना कबूल झाली. निकाल काय येणार हे तिला माहीतच होतं.

दुपारी नैवेद्य वाढला. ज्येष्ठा आणि कनिष्ठा काठापदराच्या साड्यांत उभ्या, वर फुलोरा टांगलेला, पुढ्यात त्यांची दोन लेकरं, एक मुलगा, एक मुलगी. आयांची ताटं मोठी, लेकरांचं दोघांत मिळून एक लहानसं. सपनानं प्रत्येक ताटातलं शीत वेगळ्या वाटीत घेऊन थेंब टाकला. सगळी शितं निळी झाली. मग दार लोटून घेतलं आणि घरातली सगळी माणसं बाहेर बसली. या वेळात बोलायचं नाही अशी घरची रीत. सपनाची पाठ दाराला टेकलेली होती. आतून तुपाचा, केवड्याचा वास येत होता. आवाज कसलाच नव्हता.

सुमित्राबाईंनी खूण केली तेव्हा ऊन उतरलं होतं. दोघीच आत गेल्या. समया तेवत होत्या. ताटं वाढली होती तशीच. मुंगीसुद्धा नव्हती.

ज्येष्ठेच्या ताटातलं शीत निळं झालं. कनिष्ठेचंही. सपनाला हायसं वाटलं.

"आन् लेकराइचं?" दाराशीच उभ्या राहिलेल्या सुमित्राबाईंनी विचारलं.

सपनानं लेकरांच्या ताटातलं शीत वाटीत घेतलं. थेंब टाकला.

पिवळट तपकिरी.

ती थांबली. दुसरं शीत घेतलं, भाताच्या पार दुसऱ्या बाजूचं. तेही तसंच. बाटली खराब झाली असेल. तिनं सासूकडे पाठ केली आणि एक थेंब आपल्या पदराच्या टोकावर सोडला. सुती साडीला तांदळाच्या पेजेची कडक खळ होती. डाग तत्काळ निळाकाळा झाला.

बाटलीत काही बिघडलं नव्हतं.

पुराव्याशिवाय मानणं अडाणीपणाचं, असं ती वर्गात सांगत आली होती. पुरावा समोर असताना न मानणं, याला काय म्हणतात ते तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"काय झालं वं?"

"निळंच, आई," सपना म्हणाली.

सुमित्राबाई जराशा हसल्या. "बरं. त्याइची पाठवणी झाली का जाऊ." मग लेकरांचं ताट उचलून त्यांनी तिच्या हातात दिलं. "हे सुनेनं खायचं असते. दरसाली खाते ना तू?"

सपना भिंतीला टेकून बसली आणि एक घास तोंडात घातला. साधा भात होता, त्यावर वरण. तो गोड लागला. खूप वेळ चावल्यावर भाताला येते ती गोडी, चावायच्या आधीच. तिनं ताट संपवलं.

पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी दोघी सावंगीला गेल्या. सपनानं मुद्दाम तीच, न धुतलेली साडी नेसली होती. तो निळा डाग जवळ असावा असं तिला वाटत होतं. बाकावर गर्दी होती.

"आता तरी पटलं ना, कोणी जेवत नाही ते?" तिनं हळूच विचारलं.

"मले काय फरक पडते? येतात त्या येतातच."

"मग इथं कशाला आलात?"

"तुले शबूद देल्ला होता." सुमित्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तू काऊन इतकी घाबरून राह्यली?"

नर्सनं नाव पुकारलं. सुमित्राबाई आत गेल्या.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई दारात आल्या. गाठ काढावी लागेल, पण वेळेत आलात, म्हणाल्या. सपनानं मान हलवली. डोळे पुसायला तिनं पदराचं टोक हातात घेतलं.

डाग गेला होता. आयोडीन दोन-तीन दिवसांत उडून जातं, हे तिला माहीत होतं.

पण बाकी पदर कडक होता. तेवढं टोकच मऊ पडलं होतं, चुरगळलेलं आणि ओलं, मांडीवरच्या लेकरानं तोंडात धरून ठेवावं तसं. बोटांना ते अजून कोमट लागत होतं.