वेशीवरची वहाण

सत्यवान धुरीच्या रिक्षाचा आवाज रिक्षाच्या आधी घरी पोचायचा. मागच्या चाकावरच्या शॉकअपचं रबरी बुश झिजून गेलं होतं. खड्डा आला की लोखंडावर लोखंड आपटायचं आणि असा खडखडाट व्हायचा, की वाडीतली झोपलेली कुत्री उठून बसायची. त्याची बायको राधाबाई तर त्या आवाजावरच चहाचं आधण ठेवायची.

मालवणच्या रस्त्यावर बाबुशचं गॅरेज आहे. बाबुशनं रिक्षाखाली डोकं घालून पाहिलं आणि नवीन शॉकअप घाल म्हणून सांगितलं. आता, 'नवीन घाल' असं कुणी म्हटलं की सत्यवानाच्या अंगावर पाल पडायची. घरातला पंखा, विहिरीवरचा पंप, स्वतःचा चष्मा, सगळं त्यानं आपल्या हातानं दुरुस्त करून चालतं ठेवलं होतं. चष्म्याची एक काडी तर तांब्याच्या तारेची होती. राधाबाई म्हणायची, इतकी वर्षं मला बदललं नाही तेही याच खोडीमुळे.

पण या वेळी गंमत नव्हती. त्यांची एकुलती एक लेक समीक्षा पहिल्या बाळंतपणाला कोल्हापूरहून माहेरी आली होती. याआधी दोनदा आशा लागली होती आणि दोन्ही वेळा मोडली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, हिला धक्के बसता कामा नयेत. आणि वाडीपासून ओरोसच्या इस्पितळापर्यंतचा रस्ता कसा आहे, ते त्या रस्त्यानं जाणाऱ्याच्या कमरेला विचारावं.

सत्यवानानं ठरवलं, बुश चामड्याचं करायचं. जुन्या पंपात चामड्याचेच वायसर असत, तेलात मुरवले की वर्षानुवर्षं टिकत. चामडं मात्र जाड हवं, आणि चांगलं मळलेलं. असं चामडं कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं.

वाडीच्या वेशीवर सातविणीच्या झाडाखाली राखणदाराचा पाषाण आहे. तिन्हीसांजेला राखणदार वाडीभोवती फेरी मारतो, हातात घुंगुरकाठी आणि पायांत वहाणा. दिसत नाही, ऐकू येतो. चालून चालून वहाणा झिजतात, म्हणून दसऱ्याला वाडी त्याला चामड्याचा नवा जोड वाहते. जुना तिथंच पाषाणाच्या बाजूला राहतो. जुन्या जोडाला हात लावू नये असं कुणी सांगितलेलं नाही, पण लावत कुणी नाही.

सत्यवानाचा हिशोब सरळ होता. नवा मिळाला म्हणजे जुना निकालात निघाला. त्यानं हात जोडले, मनातल्या मनात परवानगी मागितली आणि जुन्या जोडातली उजवी वहाण पिशवीत टाकली. तळवा जाड होता आणि लोण्यासारखा मऊ झाला होता. घरी येऊन त्यानं तळव्यातून गोल चकत्या कापल्या, राधाबाईच्या चांगल्या वाटीत खोबरेल ओतून त्यात मुरत ठेवल्या, त्यावरून दोन शब्द ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी चकत्या एकावर एक रचून शॉकअपच्या डोळ्यात, टोकाच्या कडीत, ठोकून बसवल्या.

रिक्षा अंगणातून निघाली ती मांजराच्या पावलांनी. खड्ड्यात गेली, वर आली, हूं की चूं नाही. सत्यवान एकटाच हसला. बाबुशला आता जाऊन दाखवतो म्हणून त्यानं मूठ पिळली, सातवीण मागं टाकली, आणि खाड्!

तो उतरला, खाली वाकून पाहिलं. चामडं जागच्या जागी घट्ट होतं. पुढे निघाला तर खाड्, खाड्, खाड्, थेट मालवणपर्यंत. बाबुशनं पोट धरून हसून घेतलं. परत येताना सत्यवान चरफडत होता. सातवीण आली आणि आवाज गप्प झाला.

दोन-चार दिवस त्यानं सगळे प्रयोग करून पाहिले. बोल्ट आवळला, सैल केला, आणखी एक चकती घातली. वेशीच्या आत रिक्षा मुकी, वेशीबाहेर तीच गत. रस्ता म्हणावा तर आतला जास्त वाईट होता. बारकाईनं पाहणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट कळली नाही की तो आधी चिडतो आणि मग गप्प होतो. सत्यवान गप्प झाला.

त्याच सुमारास तिन्हीसांजेचा आवाज बदलला. एरवी देवापुढे दिवा लागला की अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून तो आवाज सरकत जायचा, घुंगरू, मग चट् चट् वहाणांची जोडी. वाडीतली माणसं जागच्या जागी हात जोडायची आणि पुन्हा कामाला लागायची, इतका तो सवयीचा होता. आता घुंगरू वाजायचं, एकदा चट्, आणि पुढचं पाऊल... काहीच नाही. पुन्हा घुंगरू, पुन्हा एकदाच चट्. कुणीतरी एका पायानं अनवाणी चालल्यासारखं.

राधाबाई दिव्याशी बसून ऐकत होती. तिनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"ता चामडा खंयचा?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं सांगितलं. तिनं दिव्याची वात सारखी केली. मग एवढंच म्हणाली, राखणदार वेस ओलांडत नाही हे लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं, मग त्याची वहाण कशी ओलांडील?

सकाळी सत्यवान सातविणीखाली गेला. दसऱ्याचा नवा जोड होता तसाच होता, त्याच्या अंगठ्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं. शेजारी जुन्यातली उरलेली डावी वहाण. ती त्यानं उलटी करून पाहिली. तळव्याला दवानं ओली झालेली माती होती आणि गवताची ताजी कुसळं चिकटली होती.

त्यानं वहाण झटकन खाली ठेवली, हे कबूल करायला हवं. पण गंमत अशी, की त्यामागोमाग त्याला हसू आलं. नव्या वहाणा चावतात! म्हणून हा गृहस्थ नवा जोड बाजूला ठेवून जुनाच घालून फिरत होता. वर्षानुवर्षं ज्याला भीत आलो, तो आपल्यातलाच निघाला, असं वाटून सत्यवानाला त्या दगडाबद्दल एकदम माया आली. तो समोर मांडी घालून बसला.

"म्हाराजा, चुकलंय," तो म्हणाला. "चेडवाचा बाळंतपण होऊंदे. मगे तुझी वहाण तुका शिवून देतंय."

सातविणीचं पान हललं नाही. पण परतताना त्याला हलकं वाटलं. ते दिवस घरात सुखाचेच गेले. समीक्षा ओसरीवर पाय पसरून बसायची, राधाबाई तिला काय काय खाऊ घालायची, आणि सत्यवान जुन्या पाळण्याच्या कड्यांना तेल द्यायचा. संध्याकाळचं ते लंगडं पाऊल गडग्यापलीकडून जायचं, तेव्हा तो मान खाली घालायचा.

कळा दिवस भरण्याआधीच सुरू झाल्या, तेही भर दुपारी. इस्पितळाच्या गाडीला फोन लावला तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. रिक्षात मागं समीक्षा आणि तिला धरून राधाबाई. वेशीपर्यंत रिक्षा पाण्यावरून गेल्यासारखी गेली. सातविणीखाली सत्यवानानं ब्रेक मारला.

इथून पुढं धक्के होते. समीक्षा ओठ चावून कण्हत होती. सत्यवान खाली उतरला, पाषाणासमोर उभा राहिला, आणि जे त्या वाडीत आजवर कुणी मागितलं नव्हतं ते त्यानं मागितलं.

"बा राखणदारा, आज हंयसर थांबू नको. माझ्या चेडवाच्या वांगडा चल. तिका आणि तिच्या पोटच्या जीवाक सांभाळ, म्हाराजा..."

देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याला होकार देणारं कुणीतरी लागतं. एरवी सगळी वाडी असते. आता राधाबाई एकटीच होती.

"व्हय म्हाराजा," ती रिक्षातून म्हणाली.

दुपारची वेळ, पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. सत्यवान बसायला वळला, तेवढ्यात रिक्षा मागच्या बाजूनं खाली दबली, धिप्पाड माणूस आत चढावा तशी. मळलेल्या चामड्याचा आणि विडीचा वास आला. त्यानं आरशात पाहिलं नाही. राधाबाई लेकीला पोटाशी घेऊन एका कडेला सरकली होती आणि समीक्षाच्या पलीकडे जागा मोकळी होती, एवढं त्याला न पाहता कळलं.

वेस ओलांडली, आणि आवाज आला नाही. इंजिन चढावर धापा टाकत होतं, चार माणसं बसल्यासारखं, पण खड्डा खड्ड्यासारखा लागत नव्हता. समीक्षाचं कण्हणं थांबलं. अर्ध्या वाटेत ती झोपाळू आवाजात म्हणाली, "आये, पाठीवर हात असोच ठेव." राधाबाईचे दोन्ही हात तिच्या पोटावर होते. तिनं ते नवऱ्याला सांगितलं, पण पुष्कळ दिवसांनी.

नात झाली. गोरी, गुटगुटीत, आणि आवाज असा की सत्यवान म्हणाला, हिचं बुश बदलायला हवं. तो इस्पितळाच्या आवारात उभा राहून रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी कपडे आणायला तो एकटाच वाडीवर निघाला. रिक्षा सबंध वाट खडखडत आली, आणि सातवीण ओलांडल्यावरही खडखडत राहिली. त्याला वाटलं, राखणदार आपली वस्तू परत मागतोय. त्यानं त्याच दिवशी चकत्या काढल्या, वहाणेच्या तळव्याला नवं चामडं लावलं, आरीनं टाके घालून शिवलं, वर जुन्या चकत्यांतलं जेवढं बसलं तेवढं बसवलं आणि वहाण पाषाणापाशी नेऊन ठेवली. डावी तिथं नव्हती, ती देवाच्या पायातच असेल असं त्यानं धरलं. रिक्षाला बाबुशकडून नवीन रबर घातलं. बाबुशनं त्याला चहा पाजला आणि महिनाभर चिडवलं.

तिन्हीसांजेला सत्यवान कान देऊन बसला. घुंगरू वाजलं. चट् चट्. दोन्ही पायांत वहाणा. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

मायलेकी घरी आल्या. बारसं झालं, नाव ठेवलं अक्षया. घर दुधाच्या आणि धुपाच्या वासानं भरून गेलं. सव्वा महिन्यानंतर जावई येऊन दोघींना कोल्हापूरला घेऊन गेले, तेव्हा सत्यवान घाटापर्यंत सोडायला गेला आणि येताना गाणं म्हणत आला. माणसाला याहून काय हवं असतं?

चार दिवसांनी संध्याकाळी समीक्षाचा फोन आला. राधाबाईनं नुकताच दिवा लावला होता. अंगणाकडचं दार सताड उघडं होतं. लक्ष्मी यायच्या वेळी दार लावत नाहीत, त्या घरानं तर कधीच लावलं नव्हतं.

पोरगी बरी आहे, समीक्षा सांगत होती, शहाण्यासारखी झोपते, रडत नाही, कोपऱ्यात बघून हसते. सगळं छान आहे. फक्त खालच्या मजल्यावरच्या बाई आज भांडायला आल्या होत्या.

"म्हणतत, सांजेचा तुमच्याकडे कोण चालता? काठी घेवन, पाळण्याभोवती." ती हसली. "बाबा, म्हणतत त्येच्या एकाच पायात चप्पल आसा."

सत्यवानानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. सातविणीखालची ती भर दुपार त्याच्या डोळ्यांपुढे आली. सांभाळ म्हणून त्यानं मागितलं होतं. कधीपर्यंत, ते सांगायचं राहून गेलं होतं. राखणदार ओरोसहून परत आलाच नव्हता. तो त्या तान्ह्या जीवाजवळ होता, आणि त्या क्षणी सत्यवानाला खरं म्हणजे आनंद झाला. पोरीच्या डोक्यावर कुणाचा हात आहे ते त्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात गडग्यापलीकडे घुंगरू वाजलं.

चट्, चट्. दोन्ही पायांत वहाणा. रोजच्यासारखाच, सावकाश. शेजारीण आपल्या अंगणात उभी होती, तिनं सवयीनं हात जोडले. राधाबाईनंही जोडले. पावलं गडग्याच्या कडेनं आली, आणि सत्यवानाच्या अंगणाच्या बेड्यापाशी, फाटकासमोर, जरा थांबली.

सत्यवान उठला. फोन तसाच बाजूला ठेवला, आणि आवाज होणार नाही अशा बेतानं दार ओढून घेऊन आतून कडी घातली.

"अवो, तिन्हीसांजेचा दार कित्याक लावतास?" राधाबाईनं विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि तोंडावर बोट ठेवलं.